फुलीपासून सहीपर्यंत : मॉरिशसच्या उसात गेलेली आपली माणसं



ऊसतोड, टोळी, मुकादम, उचल, कोयता. हे शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायला नकोत. आज आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत ती उसाचीच आहे, पण समुद्रापलीकडची आहे आणि पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. आपल्याच कोकणातली आणि देशावरची काही माणसं त्यात होती. गेली ती परत येण्याच्या बोलीवर, पण बरीचशी तिथलीच झाली. नवा देश, नवी भाषा, नवे कायदे. त्यांनी ते कसं निभावलं आणि त्यात बायकांचा वाटा काय होता, ते आज पाहू.

देशाचं नाव मॉरिशस. आफ्रिकेजवळ मादागास्कर नावाचं मोठं बेट आहे, त्याच्या पूर्वेला हे एक छोटं बेट. आकाराने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. आधी तिथे फ्रेंचांचं राज्य होतं, १८१० मध्ये इंग्रजांनी ते घेतलं. पण मळ्यांचे मालक फ्रेंचच राहिले. म्हणजे सरकारचा कागद इंग्रजीत आणि मालकाची बोली फ्रेंच. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

उसाच्या मळ्यांत आधी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेले गुलाम राबत. १८३५ मध्ये तिथे गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मालकांना मजूर हवे होते, तेही स्वस्तात. मग नजर वळली हिंदुस्थानाकडे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन तिथे पोहोचलं. मॉरिशसमध्ये आजही त्या तारखेला सुट्टी असते. त्यानंतर १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून तिथे गेली. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली, काही तमिळ आणि तेलुगू मुलखातली. मुंबई बंदरातून गेलेली त्या मानाने कमी. त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातली मराठी माणसं होती. आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग तेव्हा रत्नागिरीतच मोडत होता.

का गेली? दुष्काळ, सावकाराचं कर्ज, तुकड्यातुकड्यांची जमीन. आणि सांगणाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी. मॉरिशसमधले लोक अजून सांगतात, की आमच्या पूर्वजांना म्हणे सांगितलं होतं, तिथे दगड उलटला तरी खाली सोनं सापडतं. काही वेळा आपल्याच गावचा आधी जाऊन आलेला माणूस सरदार बनून परत येई आणि आणखी माणसं गोळा करून नेई. सरदार म्हणजे तिथला मुकादम. ओळखीचा माणूस बोलावतोय म्हटल्यावर भरवसा बसायचाच.

निघण्याआधी करार व्हायचा. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा. महिना पाच रुपये पगार आणि त्यावर तांदूळ, डाळ, तेल, मीठ, अंगावरचे कपडे. करार तोंडी समजावून सांगितला जाई. मग ज्याला लिहिता येत नव्हतं तो खाली फुली मारायचा. आपल्याकडे पुढे अंगठा आला, तेव्हा फुली होती. कराराला इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात, त्याचं आपल्या लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं. दूर फिजीत आणि आफ्रिकेत गेलेली अशी माणसं तर स्वतःला गिरमिटियाच म्हणवू लागली. नव्या भाषेतला पहिला शब्द असा हातात आला आणि तोच बेडीसारखा पायात पडला.

धक्क्यावरच्या पायऱ्या

जहाज लागायचं ते पोर्ट लुई या बंदरात. तिथे १८४९ मध्ये उतरवून घेण्याचा तळ बांधला गेला. धक्क्यावरून वर चढायला सोळा दगडी पायऱ्या आहेत. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पायऱ्या चढून वर गेलं की नोंद व्हायची. माणसाला एक नंबर मिळायचा. नाव विचारायचं कारकुनाने, ऐकायचं त्याच्या कानाने आणि लिहायचं त्याच्या लिपीत. कोणी आपलं नुसतं नाव सांगितलं, कोणी बापाचं. कारकुनाने जे टिपलं तेच पुढे चाललं. आजोबांचं पाळण्यातलं नाव नातवंडांचं आडनाव झालं. म्हणूनच आज तिथल्या मराठी घरांची आडनावं रामजी, बाबाजी अशी दिसतात. गावावरून पडलेलं आडनाव हरवलं, की परत जायला गावाचा पत्ताही हरवतो.

मैत्रिणींनो, आधार कार्डावर किंवा सातबाऱ्यावर नावातलं एक अक्षर चुकलं तर आपल्याला किती खेटे घालावे लागतात, ते आपण जाणतो. तिथे तर दुरुस्तीला कुठे जायचं हेही विचारता येत नव्हतं. विचारणार कोणत्या भाषेत?

रानाची भाषा

मळ्यावर पोहोचल्यावर पहिली गरज बोलण्याची. शेजारच्या खोलीत तमिळ बाई, पलीकडे बिहारची भोजपुरी बोलणारी, समोर आफ्रिकी वंशाचं कुटुंब. कोणाची भाषा कोणाला येत नाही. पण पाणी एकाच जागेवरून आणायचं आहे, पोरं एकत्रच खेळतात, बाळंतपणाला मदतीची गरज रात्री-बेरात्री लागते. त्यामुळे भाषा शिकायला वर्ग लागला नाही.

तिथे गुलामांनी आधीच एक बोली घडवली होती. तिचं नाव क्रेओल. शब्द बहुतेक फ्रेंच, पण रचना आणि ठेका त्यांचा स्वतःचा. ‘की मान्येर?’ म्हणजे ‘कसं काय?’ मालकांना ती मोडकीतोडकी फ्रेंच वाटायची. आपल्या माणसांना मात्र हीच बोली बाजारात, रानात, कारखान्यात उपयोगी पडली. मजुरांच्या वस्तीत भोजपुरी इतकी पसरली, की मराठी आणि तमिळ घरांतली माणसंही ती बोलू लागली. म्हणजे आपल्याकडून गेलेल्या बाईला मराठीच्या जोडीला दोन भाषा शिकाव्या लागल्या आणि ती शाळा न पाहता शिकली.

शिकणं एका बाजूने झालं नाही, ही यातली खरी गंमत. आज मॉरिशसमध्ये कोथिंबिरीला ‘कोतोमिली’ म्हणतात, कढीपत्त्याला ‘कारीपुले’ आणि शेवग्याच्या पाल्याच्या भाजीला ‘ब्रेद मुरुम’. ‘ब्रेद’ म्हणजे पालेभाजी, आणि ‘मुरुम’ हा तमिळ ‘मुरुंगै’वरून आलेला शब्द. तिन्ही नावं तमिळ बायकांच्या चुलीपासून निघाली आणि साऱ्या देशाच्या तोंडी बसली. हरभऱ्याच्या डाळीचं सारण भरलेली ‘धोलपुरी’ तिथे रस्तोरस्ती मिळते, आपल्याकडच्या वडापावासारखी. ती खाताना कोणी विचारत नाही की तू हिंदू, मुसलमान, चिनी की आफ्रिकी. एवढं काम कोणत्या सरकारी हुकमाने झालं नसतं. परसात शेवगा लावणाऱ्या आणि वाटीभर कालवण शेजारी देणाऱ्या बायकांनी ते केलं.

कागदाची भाषा

रानाची भाषा आली, पण कागदाची आली नाही. आणि खरा मार बसला तो तिथे.

एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता. त्याला ‘डबल कट’ म्हणत. ताप आला, पोर आजारी पडलं, तरी खाडा तो खाडाच. महिन्याअखेरीस पाच रुपयांतलं हातात काय येणार? हिशेबाची वही मालकाकडे, त्यातली भाषा मालकाची.

करार संपलेली माणसंही मोकळी नव्हती. १८६७ च्या कायद्याने त्यांना फोटो चिकटवलेलं तिकीट आणि पोलिसांचा परवाना जवळ बाळगावा लागे. परवान्याशिवाय दुसऱ्या भागात सापडला की भटक्या ठरवून अटक. ज्याच्या खिशात तो कागद होता त्याला बहुतेक वेळा तो वाचता येत नव्हता, आणि वाचता येणारा शिपाई म्हणेल तो कायदा.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. पुढे पुढे सरकारने नियम केला, की जहाजावर पुरुषांच्या प्रमाणात ठरावीक संख्येने बायका असल्याच पाहिजेत. बहुतेक बायका कुणाची बायको, कुणाची मुलगी म्हणून गेल्या. त्यांच्या नावाने मजुरीचा करार बहुधा नसायचा. पण आपल्या रिवाजाने लावलेलं लग्न सरकारी दप्तरात नोंदवलं नसेल, तर तिथला कायदा ते लग्न मानत नसे. मंडप पडला, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, साऱ्या वस्तीने जेवण केलं, तरी कागदावर ती बाई अविवाहित आणि तिची मुलं अनौरस. नवरा गेला की घरावर, जमिनीवर तिचा हक्क सांगायचा कशाच्या जोरावर? नोंदणीचं कार्यालय कुठे, तिथे काय बोलायचं, कोणता कागद मागायचा, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढे विसाव्या शतकात कायदा बदलला, पण तोवर पिढ्या गेल्या.

या कागदाच्या भिंतीला पहिलं मोठं भगदाड १८७१ मध्ये पडलं. आदोल्फ द प्लेविट्झ नावाचा एक युरोपीय माणूस मजुरांच्या बाजूने उभा राहिला. त्याने जुन्या मजुरांच्या तक्रारींचा अर्ज लिहिला आणि त्यावर ९,४०१ जणांनी सह्या-निशाण्या केल्या. मळेवाले इतके चिडले, की त्याला भर रस्त्यात मारहाण झाली. पण अर्ज वर गेला. १८७२ मध्ये इंग्लंडहून चौकशी आयोग आला, त्याने मजुरांचे हाल लिहून काढले आणि १८७८ मध्ये मजुरांसाठी नवा कायदा झाला. सगळं काही लगेच सुधारलं नाही. ‘डबल कट’ जायला १९०९ च्या आसपासचा काळ उजाडला. तरी एक गोष्ट झाली. एकट्याने शिपायापुढे सांगितलेलं गाऱ्हाणं रस्त्यावरच विरत होतं. हजारो जणांनी मिळून कागदावर आणलेलं गाऱ्हाणं लंडनपर्यंत पोहोचलं.

दागिना, गाय आणि जमीन

आपल्या गटांना आवडेल अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. मळ्यावरच्या बायकांनी करार नसतानाही कमाई उभी केली. गाय पाळायची, दूध घालायचं, खोलीमागे भाजी लावायची, कोंबड्या ठेवायच्या. बँक नव्हती, असती तरी तिची भाषा येत नव्हती. मग साठलेले पैसे सोनाराकडे जाऊन चांदीच्या गोठ-पाटल्या व्हायचे. ती त्यांची बचत. अंगावर असल्याने डोळ्यांसमोर राहायची आणि अडीनडीला मोडता यायची.

साखरेचे भाव पडू लागले तेव्हा, १८७० नंतर, मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. साठवलेल्या पैशातून या मजुरांनी ते तुकडे घेतले. काही जमिनी बायकांच्या नावावरही झाल्या. मालकाच्या उसात राबलेली माणसं स्वतःचा ऊस लावू लागली. मळ्याच्या खोल्यांतून उठून त्यांनी गावं वसवली, तिथे देऊळ आलं, आणि देवळाशेजारी बैठका आली.

बैठका आणि मत

‘बैठका’ हा शब्द मॉरिशसमध्ये आजही चालतो. साधी गवताची किंवा पत्र्याची खोली. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं संध्याकाळी तिथे जमत. पोथी वाचली जाई, भजन होई, भांडण मिटवलं जाई, आणि कंदिलाच्या उजेडात मुळाक्षरं गिरवली जात. ज्या घरची जी भाषा तिची अक्षरं. सरकारी शाळा थोड्या होत्या, त्यात मुली तर फारच थोड्या. बैठकेत शिकवणारा बहुतेक वेळा त्यांच्यातलाच चार बुकं शिकलेला माणूस असे.

१९०७ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर नावाचे वकील तिथे गेले. त्यांनी कोर्टात मजुरांची बाजू मांडली आणि ‘हिंदुस्थानी’ नावाचं वर्तमानपत्र काढलं. पुढे १९४० च्या दशकात बासदेव बिसुनदयाल यांनी गावोगावी स्वयंसेवकांकरवी प्रौढांना लिहा-वाचायला शिकवण्याची चळवळ चालवली. त्या चळवळीचं फळ कसं मिळालं ते ऐका.

तोवर तिथे मत देण्याचा हक्क होता तो पैसेवाल्यांना आणि मोठ्या जमीनदारांना. साऱ्या बेटावर मतदार सुमारे बारा हजार. मग नवीन राज्यघटना आली. तिच्यात एक अट अशी होती, की एकवीस वर्षांवरच्या ज्या माणसाला साधी वाक्यं लिहिता-वाचता येतात त्याला मत मिळेल. इंग्रजी किंवा फ्रेंचच यायला हवी असं नव्हतं. क्रेओल चालणार होती, हिंदुस्थानी, तमिळ, तेलुगू यांसारख्या भारतीय भाषाही चालणार होत्या. बायकांनाही पहिल्यांदाच मत मिळालं ते याच वेळी. १९४८ च्या निवडणुकीला मतदारांची संख्या बहात्तर हजारांच्या घरात गेली. त्या निवडणुकीने मळेवाल्यांची सभागृहातली सद्दी मोडली. २० वर्षांनी, १२ मार्च १९६८ रोजी, मॉरिशस स्वतंत्र झालं.

ज्यांच्या आजोबांनी करारावर फुली मारली होती, ते चार वाक्यं लिहून दाखवून मतदार झाले. कंदिलाखाली गिरवलेली अक्षरं राज्य बदलायला कामी आली. मतासाठी शिक्षणाची अट असावी असं आम्ही म्हणत नाही. तिथेही ती अट पुढे गेली आणि १९५९ च्या निवडणुकीत सर्व प्रौढांना मत मिळालं. पण जेव्हा अट होती, तेव्हा तयारी कोणाची होती? ज्यांनी बैठका चालवली त्यांची.

घरची भाषा

आता प्रश्न उरतो आपल्या मराठीचा. खरं सांगायचं तर मॉरिशसमधल्या बहुतेक मराठी घरांत आज रोजचं बोलणं क्रेओलमध्ये होतं. लहान मूल रडलं की त्याला समजावतात ते क्रेओलमध्येच. दोन-तीन पिढ्यांत असं होतं. यात कोणाचा गुन्हा नाही. पोटाची भाषा घरात शिरतेच.

पण मराठी पूर्ण गेली नाही. ती देवघरात, सणात आणि नाचगाण्यात राहिली. गणेश चतुर्थी तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मूर्ती बसते, आरती होते, आणि समुद्रात विसर्जन होतं. कोकणातल्या जाखडीचा नाच तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचतात. समुद्र ओलांडताना ‘जाखडी’तली अक्षरं जागेवरून हलली, पण फेर आणि ढोलकी तीच राहिली. सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना ऐच्छिक विषय म्हणून मराठी घेता येते. मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे, तिथे मराठीचं उच्च शिक्षण मिळतं. त्याच संस्थेत त्या जुन्या मजुरांच्या नोंदवह्या आणि फोटो जपून ठेवलेत. नंबरावरून आपली पणजी शोधत लोक तिथे येतात.

आणि ज्या क्रेओलला मोडकी भाषा म्हणून हिणवलं गेलं, ती २०१२ पासून तिथल्या प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते. गुलामांनी घडवलेल्या आणि मजुरांनी वाढवलेल्या बोलीचं पाठ्यपुस्तक झालं.

आपल्या बैठकीसाठी

मैत्रिणींनो, ही गोष्ट आम्ही दूर देशाची म्हणून सांगितली, पण तिच्यातलं बरंच काही आपल्या शिवारात आजही घडतंय. आपल्या कारखान्यांवर मराठवाड्यातून टोळ्या येतात. वीटभट्टीवर, बांधकामावर परराज्यातली कुटुंबं येतात. लग्न होऊन दुसऱ्या मुलखातून आलेल्या सुना आपल्या गटांत आहेत. त्यांची बोली वेगळी म्हणून पोरं हसतात, कधी आपणही हसतो. त्या रानाची भाषा शिकतातच. कागदाची भाषा मात्र कोणीतरी शिकवल्याशिवाय येत नाही. रेशन कार्डाचा अर्ज, दवाखान्याचा केसपेपर, बाळाच्या जन्माची नोंद, लग्नाची नोंद, मुकादमाच्या वहीतली उचल. इथे त्यांना आपली गरज आहे.

म्हणून येत्या मासिक बैठकीत हे तीन प्रश्न जरूर घ्या. आपल्या गटातल्या किती जणींच्या लग्नाची ग्रामपंचायतीत नोंद आहे आणि दाखला हातात आहे? कर्जाच्या कागदावर सही किंवा अंगठा करण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत आपण पाळतो का? आणि आपल्या गावात बाहेरून आलेल्या एका तरी बाईला आपण बैठकीला बोलावलंय का?

ती आली तर तिच्याकडून तिच्या गावाकडची एखादी भाजीही शिकून घ्या. आणि त्या भाजीला ती काय म्हणते, तेही विचारा.